गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांतल्या उलट्या: कशा निभवायच्या आणि दवाखाना कधी गाठायचा

पट्टीवर दोन रेघा आल्या इथपर्यंत सगळ्याजणी आपलं आपण करतात, ते सांगत बसत नाही. मी आमच्या गावात अकरा वर्षं आशाताई आहे, स्वतःची दोन बाळंतपणं झाली, दोन्ही जावांच्या आणि बहिणीच्या वेळीही सोबत मीच होते. एवढ्या वर्षांत एकाच गोष्टीचा राग येतो, दिवस गेलेल्या बाईला सल्ले पन्नास जण देतात आणि तिला आज सकाळपासून लघवीला झाली का हे एकजण विचारत नाही.

१. आठवडे मोजा

शेवटच्या पाळीचा पहिला दिवस लिहून ठेवा, मोजणी तिथून सुरू होते. म्हणजे पाळी चुकते तेव्हाच चार आठवडे धरतात, गर्भ खरं तर दोनच आठवड्यांचा असतो. बायका म्हणतात एवढं काय त्यात, पण सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी बंद होते, हृदय धडधडायला लागतं, आणि तुम्हाला कळून तेव्हा जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. म्हणून तिसरा महिना लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही हे मला अजिबात पटत नाही. पाहुण्यारावळ्यांना नका सांगू, पण आशाला, नर्सबाईंना, डॉक्टरला लगेच सांगा आणि नाव नोंदवा.

२. फॉलिक अ‍ॅसिड आजपासून

रोज एक गोळी, साधारण ४०० मायक्रोग्रॅमची. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष होता, फिटच्या गोळ्या चालू आहेत किंवा शुगर आहे तर डोस जास्त लागतो, तो डॉक्टरच ठरवतात. थायरॉइडची, फिटची, बीपीची कुठलीच चालू गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, पण दिवस गेलेत हे डॉक्टरला त्याच आठवड्यात सांगायचं कारण काही गोळ्या बदलाव्या लागतात.

३. तपासण्या

हिमोग्लोबिन, रक्तगट, शुगर, थायरॉइड, एचआयव्ही, कावीळ बी, सिफिलिस, लघवी, बीपी, वजन आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. रक्तगट निगेटिव्ह आला तर नवऱ्याचाही तपासा. सातव्या-आठव्या आठवड्यात एक सोनोग्राफी, गर्भ पिशवीतच आहे ना हे बघायला, आणि ११ ते १४ आठवड्यांच्या मध्ये दुसरी. मुलगा की मुलगी हे कोणी विचारायचं नाही आणि कोणी सांगायचं नाही, १९९४ चा कायदा आहे.

४. उलट्यांचे आठवडे

आता खरं अवघड. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मळमळ सुरू होते, नवव्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि बाराव्या-चौदाव्यापर्यंत बहुतेकींची कमी होते. सगळे सांगतात "होतंच गं, सहन कर". हे वाक्य मी कोणाच्या घरी बोलू देत नाही.

माझ्या पहिल्या वेळी आठवा आठवडा होता. पाणी प्यायलं की उलटी, म्हणून मी पाणीच बंद केलं, वाटलं पोटात काही नसलं तर येणार काय. दोन दिवस असे गेले, वर आमच्या सासूबाईंनी मायेने रक्तवाढीचं टॉनिक आणून दिलेलं, ते उपाशीपोटी घेत होते. लघवी गडद पिवळी, नंतर दिवसभरात एकदाच, आणि तिसऱ्या दिवशी मोरीत चक्कर येऊन पडले. दवाखान्यात लघवीत किटोन निघाले, म्हणजे अंगाला अन्न-पाणी मिळत नव्हतं म्हणून ते अंगातली चरबी जाळत होतं. तीन दिवस सलाइन लागलं. आदल्या आठवड्यात ज्या डॉक्टरकडे गेले होते त्यांनीही "चांगलं लक्षण आहे" म्हणून परत पाठवलं होतं. उलट्या सहसा गर्भ वाढतोय म्हणूनच होतात हे खरं, पण कोरड्या पडलेल्या बाईला तेवढं सांगून घरी पाठवणं मला आजही चूक वाटतं.

तेव्हापासून माझा नियम, आधी पाणी आणि मग जेवण. आणि पाणी ग्लासाने प्यायचं नाही. वाटीत घ्या, चमच्याने दर पाच मिनिटांनी दोन-तीन चमचे, घड्याळ लावून. साधं पाणी नकोसं वाटतं तर ओआरएस (एक पुडी एक लिटर पाण्यात, अर्धी पुडी अंदाजाने नाही), कोकम सरबत, लिंबूपाणी, मीठ घातलेली भाताची पेज, पातळ ताक. गार केलेलं बरं राहतं. उलटी झाली तर पंधरा मिनिटं थांबा आणि परत चमच्यापासून सुरू करा, "आता रात्रीच बघू" असं नाही.

खाण्याचं म्हणाल तर पोट रिकामं ठेवायचं नाही आणि भरायचंही नाही. उशाशी डबा ठेवा, चुरमुरे, लाह्या, टोस्ट, राजगिऱ्याचा लाडू, ज्वारीची भाकरी कडक करून तिचे तुकडे, काहीही कोरडं. डोळे उघडले की पडल्या पडल्या दोन घास खायचे, वीस मिनिटं तसंच पडून राहायचं आणि मग उठायचं. सकाळी उठल्या उठल्या चहा हा बहुतेकींचा घोळ असतो, आधी कोरडा घास मग चहा. दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं, जेवताना सोबत पाणी नको, अर्ध्या तासाच्या अंतराने. गरम जेवणाचा वास जास्त येतो म्हणून दहीभात, थंड मऊ भात, उकडलेला बटाटा मीठ लावून हे पोटात राहतं. आल्याचा तुकडा चघळा, आवळासुपारी ठेवा तोंडात. आणि फोडणी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी घालायची, नवऱ्याला येत नसेल तर शिकेल, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. लसूण-मोहरीच्या धुरात उभं राहून वर "तिला काही पचत नाही" म्हणायचं हे मी दर वर्षी दोन-तीन घरांत बघते.

"दोन जीवांची आहेस, दोघांचं खा" हेसुद्धा या महिन्यांत सोडून द्या. आठव्या आठवड्यात बाळ दीड सेंटिमीटर असतं, शेंगदाण्याएवढं, त्याला तुमच्या दुसऱ्या भाकरीची गरज नाही. बायका रडतात की बाळ उपाशी राहील, ते एवढ्यात राहत नाही, त्रास होतो तो तुम्हाला, पाणी कमी पडून.

लोहाच्या गोळ्या-टॉनिक पहिले तीन महिने आपल्या मनाने नको, मळमळ वाढते. सरकारी लाल गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक अशी १८० दिवस देतात, तेव्हा घ्या, चहासोबत नको. हिमोग्लोबिन फारच कमी असेल तर डॉक्टर आधी काय ते ठरवतील.

एवढं करून थांबत नसेल तर गोळी मागा. डॉक्सिलामाइन (मळमळ कमी करणारं औषध) आणि बी-६ जीवनसत्त्व यांची एकत्र गोळी गरोदर बायकांना बरीच वर्षं देतात, बाळाला अपाय करत नाही, झोप येते म्हणून बहुधा रात्री घ्यायला सांगतात. डॉक्टरच्या चिठ्ठीवर घ्यायची, मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून नाही. गोळी मागणं म्हणजे तुमची सहनशक्ती कमी असं काहीही नाही.

आणि दवाखान्यात कधी जायचं ते घरातल्या दुसऱ्या माणसाला पाठ करून ठेवायला सांगा, कारण तोपर्यंत तुम्हाला उठायची ताकद राहत नाही: आठ तास लघवी नाही किंवा ती एकदम गडद, २४ तास पाणीसुद्धा टिकत नाही, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, उलटीत रक्त, किंवा वजन उतरलं. ५० किलोच्या बाईचं अडीच किलो कमी झालं तर ते जास्त आहे. ताप, लघवीला जळजळ, पोटात जोराचं दुखणं असेल तर ते नेहमीच्या उलट्यांवर ढकलू नका. दहाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच उलट्या लागल्या तरी कारण वेगळं असू शकतं. भरती व्हावं लागलं तर किती दिवसांपासून पोटात काही नाही ते नक्की सांगा, फार दिवस झाले असतील तर ग्लुकोज चढवायच्या आधी बी-१ जीवनसत्त्व द्यावं लागतं.

५. काय टाळायचं

तंबाखू, मिश्री (दाताला लावायची सुद्धा, ती सोडायला सगळ्यात जड जाते हे मला माहितीये), दारू, आपल्या मनाने घेतलेली दुखण्याची गोळी, न उकळलेलं दूध, कच्चं अंडं, कच्ची पपई. पिकलेली पपई खाल्ली म्हणून घाबरू नका.

६. रक्त दिसलं तर

थोडा डाग बऱ्याचजणींना दिसतो आणि पुढे सगळं नीट होतं, पण दाखवायचं त्याच दिवशी. ओटीपोटात एका बाजूला कळ, खांद्यात दुखणं, घेरी, यातलं काही असेल तर सकाळची वाट बघायची नाही, १०८ ला फोन, कारण गर्भ पिशवीऐवजी बाजूच्या नळीत असेल तर ती नळी फुटून आत रक्तस्राव होतो. आणि गर्भ राहिला नाही तर तू वजन उचललंस, तू जिना चढलीस असं बाईला कोणी म्हणू नये. पहिल्या तीन महिन्यांत पडणारे निम्म्याहून जास्त गर्भ गुणसूत्रांच्या दोषामुळे पडतात, तिच्या हातात ते नसतं.

७. बाराव्या आठवड्यानंतर

बाळ आता पाच-सहा सेंटिमीटर, हातापायाची बोटं सुटी झालेली, हलतंही, तुम्हाला जाणवायला अजून एक-दोन महिने लागतील. उशाशी डबा लगेच हलवू नका. धाकट्या जावेचा मी चौदाव्या आठवड्यापर्यंत ठेवला होता, एक दिवस मी आमटीला फोडणी घालत होते, दार लावायचं विसरले, आणि ती आतून म्हणाली, "ताई, काय केलंय, मला वाढा ना."