आधी स्पेक, मग कोड. एडिटर कुठलाही असो
सांगलीतल्या हळद अडत्यांसाठी मी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाचं, सॉफ्टवेअर लिहितो. एआयला थेट ‘पट्टी बनव’ सांगू नका; हमाली-तोलाई कुणाकडून कापायची, हे तो मनानेच ठरवतो. आधी रेपोत (कोडच्या फोल्डरमध्ये) स्पेक, म्हणजे सॉफ्टवेअरने नेमकं काय करायचं ते, लिहा: ‘शेतकऱ्याच्या पट्टीतून कपात झाली, तर ती वेगळ्या ओळीत दिसलीच पाहिजे.’ वाक्य असं हवं की त्यावरून टेस्ट लिहिता येईल. ते अडत्याला वाचून दाखवा. शेतकऱ्याच्या घामाचे पैसे आहेत ते, इथे घाई नको.

मग आराखडा, मग छोटी कामं. गिटहबचं स्पेक किट हे टूल याच क्रमाने नेतं. एआयला एका वेळी एकच काम द्या, डिफ (कोडमध्ये काय बदललं ते) वाचा.

कायमचे नियम एजंट्स.एमडी (AGENTS.md) या फाइलीत ठेवा. कर्सर हा एडिटर आणि व्हीएस कोड एडिटरमधला कोपायलट हा एआय असिस्टंट ती फाइल वाचतात. क्लॉड कोड या असिस्टंटसाठी ती क्लॉड.एमडी (CLAUDE.md) या त्याच्या फाइलीत इम्पोर्ट करा. हमालीचा दर बदलला, तर आधी स्पेक दुरुस्त करा, मगच असिस्टंटला कोडला हात लावू द्या.