स्मार्ट थर्मोस्टॅटला वीज मिळत नसेल तर काय तपासावे

घराचे हीटिंग-कूलिंग चालू-बंद करणाऱ्या भिंतीवरच्या स्मार्ट थर्मोस्टॅटचा डिस्प्ले काळा पडला, तो वरचेवर बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागला किंवा त्याचे वाय-फाय सारखे तुटू लागले, की उपकरण बिघडले असे समजून नवे मागवण्याची घाई होते. बहुतेक वेळा थर्मोस्टॅट ठीक असतो आणि त्याच्यापर्यंत येणारी वीज वाटेत कुठेतरी अडलेली किंवा कमी पडत असते. म्हणून ती निघते कुठून आणि भिंतीपर्यंत पोहोचते कशी, हे आधी समजून घ्यावे.

फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) किंवा एअर हँडलर (घरभर हवा खेळवणारे यंत्र) यांच्या पेटीत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो आणि तो घरातल्या विजेचा दाब २४ व्होल्ट एसीपर्यंत उतरवतो. त्याच्या एका टोकाची तार ‘आर’ म्हणून भिंतीवर येते. थर्मोस्टॅट ‘आर’ला ‘वाय’शी जोडतो तेव्हा कूलिंग सुरू होते, ‘डब्ल्यू’शी जोडतो तेव्हा हीटिंग आणि ‘जी’शी जोडतो तेव्हा पंखा, प्रत्येक वेळी सर्किट पूर्ण होते ते ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे ‘सी’ला. जुना थर्मोस्टॅट हा केवळ एक स्विच असल्यामुळे त्याला स्वतःसाठी वीज लागत नसे. स्मार्ट थर्मोस्टॅटचा डिस्प्ले आणि वाय-फाय मात्र चोवीस तास वीज घेतात, म्हणून ‘सी’ तार भिंतीपर्यंत आलेली असणे एवढे महत्त्वाचे ठरते.

पुढील सर्व माहिती २४ व्होल्टच्या यंत्रणेपुरतीच आहे. थर्मोस्टॅटमागे बारीक रंगीत तारांऐवजी जाड तारा असतील किंवा जुन्या उपकरणावर १२० अथवा २४० व्होल्ट असे छापलेले असेल, तर तिथे थेट घरगुती वीज आहे. नेहमीचा स्मार्ट थर्मोस्टॅट तिथे जोडू नये आणि काम इलेक्ट्रिशियनकडे सोपवावे.

तारांना हात लावण्यापूर्वी ब्रेकर बंद करावा, २४ व्होल्टचा झटका सौम्य असला तरीही. मी एकदा वीज चालू ठेवूनच ‘आर’ची तार काढली. ती सुटून ‘सी’च्या उघड्या टोकाला क्षणभर टेकली, बारीकशी ठिणगी दिसली आणि सगळी यंत्रणा निपचित पडली. फर्नेसच्या पेटीतल्या कंट्रोल बोर्डवरचा, म्हणजे या सगळ्या तारा जिथे जोडलेल्या असतात त्या सर्किट बोर्डवरचा, फ्यूज उडाला होता, आणि ते लक्षात येईपर्यंत एक संपूर्ण संध्याकाळ थर्मोस्टॅटची तपासणी करण्यात गेली.

तपासाची सुरुवात फर्नेसपाशी करावी. ब्रेकर पडला आहे का, फर्नेसजवळचा दिव्याच्या बटणासारखा दिसणारा स्विच कोणी चुकून बंद केला आहे का, हे पाहावे. त्यानंतर पेटीचे झाकण पाहावे. झाकणामागे एक सुरक्षा स्विच असतो आणि झाकण नीट बसले नाही तर तो दाबला जात नाही व वीज तुटते. फिल्टर बदलल्यानंतर किंवा सर्व्हिसिंग झाल्यानंतर त्याच दिवशी थर्मोस्टॅट बंद पडला असेल, तर सर्वांत आधी हे झाकण काढून पुन्हा घट्ट बसवावे.

कूलिंगच्या दिवसांत बिघाड झाला असेल तर पाण्याचा विचार करावा. हवा थंड करणाऱ्या कॉइलवर जमणारे पाणी ड्रेन पाइपमधून बाहेर जाते. तो पाइप शेवाळाने किंवा गाळाने तुंबला की ट्रेमध्ये पाणी चढते, फ्लोट (पाण्यावर तरंगणारा तुकडा) वर उचलला जातो आणि त्याला जोडलेला स्विच सर्किट तोडतो. काही जोडण्यांमध्ये हा स्विच ‘आर’च्या वाटेवर असल्याने थर्मोस्टॅटच पूर्ण बंद होतो. काही तासांनी पाणी ओसरले की तो आपोआप सुरू होतो, आणि त्यामुळे हा बिघाड फार गोंधळात टाकतो. ट्रे रिकामा करून पाइप साफ केल्याशिवाय तो कायमचा जात नाही. फ्लोट स्विच बायपास करून काम भागवू नये. छत आणि फरशी भिजू नये यासाठीच तो बसवलेला असतो.

हे सगळे ठीक असेल तर ब्रेकर बंद करून कंट्रोल बोर्डवरचा फ्यूज पाहावा. मोटारगाडीत असतो तसा, दोन पात्यांचा प्लास्टिकचा फ्यूज तिथे असतो: जांभळा असल्यास ३ अँपियरचा, फिकट तपकिरी असल्यास ५ अँपियरचा. आतली बारीक तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपियरचा नवा बसवावा, जास्तीचा कधीही बसवू नये. नवाही लगेच उडाला तर कुठेतरी शॉर्ट आहे. अशा वेळी वीज बंद करून ‘वाय’, ‘डब्ल्यू’ आणि ‘जी’ तारा बोर्डवरून सोडवाव्यात आणि एकेक परत जोडून, वीज चालू करून पाहावे. ज्या तारेच्या जोडणीनंतर फ्यूज जातो, दोष तिच्याच वाटेवर असतो. बाहेरच्या युनिटकडे जाणारी तार पत्र्याच्या कडेला घासून सोललेली असणे हे नेहमीचे कारण आहे.

फ्यूज शाबूत असेल तर ब्रेकर पुन्हा चालू करून, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून बोर्डवरच्या ‘आर’ आणि ‘सी’मध्ये मोजावे. झाकण उघडे असताना सुरक्षा स्विच दाबलेला नसेल तर आकडा शून्यच येईल, हे लक्षात ठेवावे. साधारण २४ ते २८ व्होल्ट दिसायला हवेत. बोर्डवर व्होल्टेज आहे आणि भिंतीवर नाही, तर मधली तार तुटलेली किंवा स्क्रूखाली सैल आहे. बोर्डवरही नसेल तर ट्रान्सफॉर्मरचा संशय घ्यावा; पण त्याच्या दुसऱ्या बाजूला पूर्ण घरगुती दाब असल्याने ती तपासणी तंत्रज्ञाकडून करून घेणे योग्य. यंत्रणा थांबलेली असताना आकडा बरोबर आणि कूलिंग सुरू होताच खूप खाली येत असेल, तर ट्रान्सफॉर्मरवर भार जास्त होत आहे. घरगुती यंत्रणेत तो बहुधा ४० व्होल्ट-अँपियरचा, म्हणजे सुमारे १.७ अँपियर देणारा असतो. त्याच्यावरच ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारे उपकरण) आणि झोन व्हॉल्व्ह (घराच्या वेगवेगळ्या भागांचे हीटिंग वेगळे चालू-बंद करणारे व्हॉल्व्ह) जोडले की तो अपुरा पडू शकतो.

‘सी’ तारच नसेल तर प्रश्न वेगळा आहे. तेव्हा काही थर्मोस्टॅट हीटिंग-कूलिंगच्या तारांमधून थोडा थोडा प्रवाह घेऊन आतली बॅटरी चार्ज करतात. ही सोय काही घरांत नीट चालते, काही घरांत पुरत नाही. नेस्ट या ब्रँडच्या लर्निंग थर्मोस्टॅटमध्ये तांत्रिक माहितीच्या पानावर बॅटरीचे व्होल्टेज दिसते, ते ३.६ च्या खाली असेल तर बॅटरी उतरली आहे. त्याच्या अनेक आवृत्त्यांच्या मागे यूएसबीचे तोंड असते आणि तिथून तो चार्ज करता येतो, मात्र तो तात्पुरता उपाय आहे.

कायमच्या उपायासाठी भिंतीतल्या केबलमध्ये न वापरलेली तार दुमडून ठेवलेली आहे का ते पाहावे. असल्यास तिचे एक टोक बोर्डच्या ‘सी’ला आणि दुसरे थर्मोस्टॅटच्या ‘सी’ला जोडावे. रंगावर विसंबू नये, कारण ‘सी’ निळीच असते असा काही नियम नाही. दोन्ही टोके स्वतः पाहून खात्री करावी. जास्तीची तार नसेल तर इकोबी या थर्मोस्टॅट कंपनीच्या पॉवर एक्स्टेंडर किटसारखे, त्या थर्मोस्टॅटसाठीच बनवलेले जोडसाधन बोर्डपाशी बसवता येते. हीटिंग आणि कूलिंगचे ट्रान्सफॉर्मर वेगवेगळे असतील, तर ‘सी’ कोणत्या ट्रान्सफॉर्मरची जोडायची हे त्या थर्मोस्टॅटच्या माहितीपत्रकात पाहावे आणि ‘आरएच’ (हीटिंगची ‘आर’) व ‘आरसी’ (कूलिंगची ‘आर’) यांच्यामधला जंपर, म्हणजे त्यांना जोडणारा छोटा तुकडा, काढलेला आहे याची खात्री करावी.

जोडणी झाल्यावर झाकण बसवून ब्रेकर चालू करावा. कूलिंग लगेच सुरू झाले नाही तर पुन्हा तारा उघडू नयेत. कॉम्प्रेसरच्या रक्षणासाठी थर्मोस्टॅट काही मिनिटे थांबतो, आणि पूर्ण उतरलेली बॅटरी चार्ज व्हायलाही वेळ लागतो.