छोट्या ख्रिस्ती महाविद्यालयात शैक्षणिक सुधारणांची आखणी कशी करावी

नवे विषय, नवे विभाग यांची यादी करायला लगेच बसू नका. आधी शेवटच्या वर्षाच्या मुलांचे लेखन वाचा. दहा-बारा निबंध घ्या, नावे झाका आणि प्रत्येक निबंध दोन प्राध्यापकांना वेगवेगळा वाचायला द्या. त्यातला एक तो विषय न शिकवणारा हवा. निकष चारच ठेवा: मुद्दा स्पष्ट आहे का, आधार नीट वापरलेत का, विरुद्ध मताला न्याय मिळाला का, भाषा सुबोध आहे का.

समजा, निबंध बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या (प्रेषित पौलाने लिहिलेल्या पत्राच्या) १३व्या अध्यायावर आहे, सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहण्याबद्दल. विद्यार्थ्याने वचने अचूक दिली, पण पौल हे कोणाला आणि कोणत्या परिस्थितीत लिहीत होता, याचा विचारच केला नाही. बायबल शिकवणारे प्राध्यापक भरपूर गुण देतात, इतिहासाचे निम्मे. या फरकावर तासभर बसून बोला. आपण नेमके काय शिकवू पाहतो, यावर आपलेच एकमत नाही, हे इथे उघड होते. माझ्या मते साऱ्या आखणीतले हे सर्वांत मोलाचे काम आहे आणि त्याला खर्चही नाही.

मग महाविद्यालयाचे ध्येय तपासता येईल अशा शब्दांत उतरवा. ‘ख्रिस्ती दृष्टी असलेले पदवीधर घडवणे’ हे खरेच मोठे ध्येय आहे, पण ते साधले की नाही हे कशावरून ठरवणार? शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली मांडलेली शिकण्याच्या उद्दिष्टांची वर्गवारी आणि तिची २००१ची सुधारित आवृत्ती इथे उपयोगी पडते. आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, नवे घडवणे अशा सहा पायऱ्यांतून नेमके क्रियापद निवडता येते. ‘आधुनिक वैद्यकातील एका नैतिक प्रश्नावर पवित्र शास्त्र आणि वैद्यकीय माहिती या दोन्हींच्या आधारे भूमिका मांडतो’ असे लिहिले की तपासणी शक्य होते. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळा: गुण कामाला द्या, श्रद्धेला नव्हे. प्रामाणिक शंका मांडल्यामुळे कोणाचे गुण कमी होता कामा नयेत.

यानंतर मोठ्या कागदावर तक्ता करा: उभे रकाने उद्दिष्टांचे, आडव्या ओळी विषयांच्या. प्रत्येक चौकटीत ‘ओळख’, ‘सराव’ किंवा ‘परीक्षा’ लिहा. एखाद्या रकान्यात परीक्षा आहे आणि सराव कुठेच नाही, असे दिसले की दुखणे सापडले.

आकडे जपून वाचा. बारा जणांच्या वर्गात एक विद्यार्थी म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त. एक मुलगी आजारी पडली तरी निकाल घसरल्यासारखा दिसतो. तीन वर्षांचे निकाल एकत्र करूनच बोला.

आता निवड. वर्षाला एकच सुधारणा, फार तर दोन. शिकवणारे मोजकेच, तेच वर्ग घेतात, उपासना चालवतात, प्रवेशही पाहतात. म्हणून प्रत्येक नव्या कामासोबत कोणते जुने काम थांबणार, हे त्याच ठरावात लिहा. कमी मागणीचे ऐच्छिक विषय वर्षाआड घेतले तर तासिका मोकळ्या होतात. पण पुढच्या विषयांचा पाया असलेला विषय, जसे की प्राथमिक ग्रीक (नव्या कराराची मूळ भाषा), वर्षाआड ठेवू नका. त्यात नापास झालेला विद्यार्थी वर्षभर अडकतो.

विश्वस्तांपुढे एका पानाचा प्रस्ताव ठेवा: अडचण काय, पुरावा कोणता, कोण काय करणार, खर्च किती, पुन्हा कधी तपासणार. मंडळीतल्या (चर्चमधल्या) ज्येष्ठांना आणि माजी विद्यार्थ्यांना ठराव होण्याआधी विचारा, नंतर नाही. मान्यता देणाऱ्या संस्थेची परवानगी लागणार असेल, तर तो काळ वेळापत्रकात आधीच धरा. आत्ता शिकत असलेल्या मुलांना त्यांनी प्रवेश घेतला तेव्हाच्या नियमांनुसारच पदवी पूर्ण करता येईल, हे लेखी कळवा. वर्षभराने तेच चार निकष घेऊन नव्या तुकडीचे निबंध वाचायला बसा. ती तारीख आजच ठरवून ठेवा.