सोलापुरातून प्रवाळावरचे मासे मोजायला निघताना

प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारी इथली मुलं मला हमखास विचारतात: उजनीपलीकडे पाणी न पाहिलेल्यानं प्रवाळभित्तीवरच्या माशांचं सर्वेक्षण करायचं कसं? करता येतं. निम्मी तयारी समुद्राशिवायच होते. घरचे काळजी करतात, मित्र टोमणे मारतात ('काय बे, मासेच मोजायचेत तर बाजारात बस की'), ते चालायचंच.

काम असं असतं. प्रवाळावर ५० मीटरची टेप अंथरायची. टेप टाकताना मासे बिथरतात, म्हणून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग टेपवरून सावकाश पोहत दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटरच्या पट्ट्यात दिसणाऱ्या प्रत्येक माशाची जात, संख्या आणि लांबी प्लास्टिकच्या स्लेटवर पेन्सिलीनं लिहायची. आधी मोठे, पळणारे मासे. प्रवाळाला चिकटून राहणारे बारके मासे दुसऱ्या फेरीत, अरुंद पट्ट्यात. थवा आला तर दहा मासे मोजायचे आणि तसे किती गठ्ठे आहेत ते पाहायचं.

यात सगळ्यात अवघड लांबी. मास्कमधून वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी दिसते. लांबीवरून वजन काढतात आणि वजन ढोबळमानानं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे २० सेंटिमीटरचा मासा तुम्ही २५ लिहिलात, की त्याचं वजन कागदावर जवळजवळ दुप्पट झालं. यावर उपाय जलतरण तलावात आहे. पीव्हीसी पाइपचे ५ ते ५० सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे कापा, लांबी मागच्या बाजूला लिहा, मित्राला ते पाण्याखाली तीन-चार मीटरवर धरायला सांगा. अंदाज लिहा, मग खरी लांबी पाहा. उन्हाळाभर हे केलं की डोळा बसतो. दर वेळचे आकडे तारखेसह वहीत ठेवा.

ओळख पटवायची तयारी घरी होते, पण नुसत्या रंगावर जाऊ नका. खोल पाण्यात लाल रंग आधी नाहीसा होतो, आणि पोपटमासे तर वयाबरोबर रंगच काय, लिंगही बदलतात. तोंडाची ठेवण, शेपटीचा आकार, पट्टे उभे की आडवे, पोहण्याची ढब हे बघा. पोपटमासा छातीचे पर वल्ह्यासारखे मारत जातो. सर्जनमाशाच्या शेपटीच्या बुडाशी धारदार काटा असतो. आधी कुळं पक्की करा, जाती नंतर.

आता नवख्यांचा हमखास होणारा गैरसमज. मासे भरपूर दिसले म्हणजे प्रवाळ ठणठणीत, असं नसतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले. अशा वेळी प्रवाळ मेला तरी त्याचा सांगाडा काही वर्षं उभा राहतो आणि त्याच्या आडोशानं बरेच मासे टिकतात. मेलेल्या प्रवाळावर शेवाळ चढतं, त्यामुळे ते खाणारे पोपटमासे, सर्जनमासे वाढूही शकतात. आधी घटतात ते जिवंत प्रवाळच खाणारे काही फुलपाखरू मासे. सांगाडा ढासळला की मग बाकीच्यांवर पाळी येते. हेकरू, तांबोशी यांसारखे मोठे शिकारी कमी असतील, तर मासेमारीचा ताण तपासायचा. म्हणून एकूण आकड्यापेक्षा कोणता गट किती, हे मोलाचं. आणि त्याच टेपखाली दर अर्ध्या मीटरवर जिवंत प्रवाळ आहे, शेवाळ आहे की वाळू, ही नोंदही हवीच. मासे आणि तळ वेगवेगळे वाचले तर अहवाल फसवा होतो, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवातीला मालवण बरं. प्रवाळ तुरळक आहे, पण उथळ असल्यानं स्नॉर्केलवर (तोंडात धरायच्या श्वासनळीवर) भागतं. पावसाळ्यात समुद्र बंद, साधारण नोव्हेंबरनंतर पाणी निवळतं. स्कूबा, म्हणजे हवेची टाकी पाठीवर घेऊन बुडी मारणं, शिकायची तर तारकर्लीत सोय आहे. पाणी गढूळ असेल तर पट्टा अरुंद करा, मात्र तसं लिहून ठेवा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, तेव्हा तिथे काम करायचं तर वन विभागाची परवानगी आधी काढा. लक्षद्वीपला प्रवेश परवाना वेगळा. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेला तुकडासुद्धा खिशात घालायचा नाही.

पैशाचं खरं सांगतो: सुरुवातीच्या नोकऱ्या बहुतेक प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. डायव्हिंगचा विमा कोण भरणार, हे रुजू होण्याआधी विचारा. आणि मुलाखतीला जाताना ती पाइपची वही बरोबर न्या. अंदाज आणि खरी लांबी यांतला फरक महिन्यागणिक कसा कमी होत गेला, हे त्यात दिसतं. घेणाऱ्याला नेमकं तेच बघायचं असतं.