ओट्याचा दगड कापताना धूळ पात्यापाशीच कशी मारावी

आमचा ओटा बदलला तेव्हा मिस्त्रींनी सिंकसाठीचा दगड गॅलरीत बसून कोरडाच कापला. पंधरा मिनिटांत तुळस पांढरी झाली. चहासाठी त्यांनी तोंडावरचा रुमाल सोडला, तर त्याची आतली बाजूही राखाडी होती. पापण्यांवर पिठासारखा थर होता. त्या दिवसापासून घरात दगड, टाइल किंवा काँक्रीट कापायचं काम निघालं की मी खालच्या गोष्टी सोडत नाही.

ग्रॅनाइट, वालुकाश्म, टाइल, काँक्रीट या सगळ्यांत क्वार्ट्झ असतं, म्हणजे स्फटिकरूप सिलिका. पातं फिरलं की त्याचे इतके बारीक कण उडतात की ते नाकातल्या केसांना चुकवून थेट फुप्फुसात खोलवर जातात. तिथे कायमचे व्रण होतात, त्याला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारं औषध नाही. शिवाय फुप्फुसाचा कर्करोगही होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच ही धूळ कर्करोगकारक ठरवली. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे आठ तासांच्या पाळीत सरासरी एका घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त सिलिका चालत नाही. दहा बाय दहाच्या, दहा फूट उंच खोलीचा हिशेब केला तर चालणारी सिलिका जेमतेम दीड मिलिग्रॅम भरते, चिमटीभर मिठापेक्षा कितीतरी कमी. म्हणून "थोडीशीच धूळ आहे हो" हे ऐकून गप्प बसू नका.

दगड निवडताना

ज्यात क्वार्ट्झ कमी तो दगड कारागिराला कमी त्रासाचा. कडप्पा, शहाबादी आणि संगमरवर हे मुळात चुन्याचे दगड. बाजारात 'क्वार्ट्झ' नावाने मिळणारी कृत्रिम लादी मात्र सगळ्यात वाईट, कारण तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त सिलिका असू शकते. ती कापणारे तरुण कारागीर आजारी पडू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तिच्यावर बंदीच घातली. मला विचाराल तर ओट्याला ती घेऊच नका.

भाव ठरवताना

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि ती कारागिराच्या नाही, पैसे देणाऱ्याच्या हातात आहे. काम सुरू झाल्यावर "पाणी लावा" म्हटलं तर त्याचा वेळ जातो आणि पैसे तेवढेच राहतात. तो कोरडंच कापणार, आणि त्यात त्याची चूक नाही. म्हणून आधीच बोला: सगळं कापणं पाण्यावर होईल, त्यासाठी लागणारी जास्तीची अर्धी हजेरी मी देईन. त्याहून चांगलं म्हणजे पुठ्ठ्याचा साचा काढून सिंक आणि शेगडीचे कटआउट दुकानातल्या पाण्यावरच्या मशिनवर कापून आणायचे. मग घरी फक्त बसवायचं काम उरतं.

घरी कापावंच लागलं तर

बहुतेक मिस्त्री पाणी का टाळतात, हे मी विचारलं होतं. "पेन्सिलची रेघ पुसली जाते ना." वेळेखेरीज हेही एक कारण! रेघ मेणाच्या खडूने मारा किंवा मास्किंग टेप लावून तिच्या कडेने कापा. कटरला पाण्याची नळी जोडता येत असेल तर जोडा. नसेल तर मदतनीस झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीने सतत धार धरेल. धार जिथे पातं दगडाला लागतं तिथेच पडली पाहिजे, आजूबाजूला नाही. ढग दिसला की पाणी कमी पडतंय असं समजा आणि थांबा.

पाणी आणि वीज एकत्र आली की शॉकची भीती खरी असते. ओल्या कामासाठी बनवलेला कटरच वापरा, साधा ग्राइंडर नको. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, हवा. वायरला मध्ये जोड नको आणि प्लग ओल्या जमिनीवर पडलेला नको. कारागिराच्या पायात रबरी बूट असावेत.

काम शक्यतो उघड्यावर करा. आत करायचं असेल तर खोलीचा दरवाजा बंद ठेवा, खिडकी उघडा, आणि पंखा धूळ घरात नेईल असा लावू नका. मुलं, म्हातारी माणसं आणि शेजारचं स्वयंपाकघर, तिघांचाही विचार करा.

मास्क शेवटी

रुमाल किंवा सर्जिकल मास्कने ही धूळ अडत नाही. एन-९५ लागतो, दोन्ही पट्ट्या डोक्यामागून, नाकावरची पट्टी दाबून. दाढी असली तर कडेने हवा आत जातेच. मदतनिसालाही मास्क द्या, तो नेहमी विसरला जातो. पण मास्क आहे म्हणून पाणी बंद करायचं नाही.

आवरताना

कोरडा झाडू फिरवला की खाली बसलेली सगळी धूळ पुन्हा हवेत. चिखल ओला असतानाच पत्र्याच्या तुकड्याने गोळा करून पिशवीत बांधा. तो सुकला की परत धूळच. नालीत ओतू नका, तिथे तो घट्ट होऊन बसतो. जमीन ओल्या फडक्याने पुसा. कपडे झटकू नयेत, आणि घरी जाण्याआधी बदलावेत, नाहीतर तीच धूळ लेकरांच्या अंथरुणावर जाते.

तपासणी

रोज दगड कापणाऱ्याने दरवर्षी छातीचा एक्स-रे आणि फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी करून घ्यावी. डॉक्टरांना सर्वांत आधी सांगायचं, "मी इतकी वर्षं दगड कापतो." हे सांगितलं नाही तर सिलिकोसिस टीबी समजला जाऊ शकतो, आणि सिलिकोसिस असलेल्याला टीबी होण्याचा धोकाही जास्त असतो. बिडी-सिगारेट सोडणं यात फार मोठी गोष्ट आहे, कारण धूर आणि दगडाची धूळ मिळून कर्करोगाचा धोका आणखी वाढवतात.

१८ ते ६० वयाच्या ज्या कारागिराने वर्षात ९० दिवस बांधकामाचं काम केलंय, त्याला महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदवता येतं. त्यासाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. मिस्त्रींना भाव विचारतानाच हेही विचारा, नोंदणी केलीय का? नसेल तर फॉर्म भरायला तासभर त्यांच्यासोबत बसा.