पेठ-सुरगाण्याचे सामूहिक जंगल : काय राखावे, काय आणि कसे तोडावे

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला त्र्यंबकेश्वर, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांत उत्तर सह्याद्रीचे उतार साग, सादडा, खैर आणि मोहाने झाकलेले आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला अशा जंगलाचे संरक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार आहे. बांबू, मोहफूल, हिरडा, तेंदूपाने ही गौण वनोपजे गावाची आहेत. इमारती लाकूड मात्र त्यांत मोडत नाही, हे ग्रामसभेच्या वन व्यवस्थापन समितीने पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगावे.

जंगल व्यवस्थापनाच्या आराखड्यात आधी न तोडण्याच्या जागा ठरवाव्यात. जाणत्या माणसांबरोबर शिवारफेरी करून देवराई, झऱ्यांचा माथा, उभी चढण आणि ओहोळाच्या दोन्ही काठांची किमान २० मीटर रुंदीची पट्टी नकाशावर नोंदवावी. ढोली असलेली काही जुनी झाडेही राखावीत, कारण नामशेष मानला गेलेला आणि १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा आढळलेला रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी अशाच ढोलींत घरटे करतो.

खरा प्रश्न राबाचा आहे. नागली, वरई आणि भाताची रोपे वाढवण्यासाठी दरवर्षी फांद्या, पालापाचोळा आणि शेण यांचे थर रचून जमीन भाजली जाते आणि त्याची टहाळी बहुतेक सादड्यावरून उतरते. राब बंद करा असे बाहेरून सांगणे सोपे असले, तरी रोप जोमदार येते आणि तण कमी होते, हा शेतकऱ्याचा अनुभव डावलून कोणताही नियम टिकत नाही. म्हणून जंगलाचे तीन भाग पाडून दरवर्षी आळीपाळीने एकेका भागातूनच टहाळी घ्यावी, शेंडा आणि वरचा एक तृतीयांश पसारा कधीही छाटू नये आणि धारदार कोयत्याने, साल न सोलवटता, काप घ्यावा. राबाचे क्षेत्र घटवायचे असेल, तर गादीवाफ्यावरील रोपवाटिका आधी एका शेतात करून दाखवावी.

मानवेल जातीच्या बांबूच्या बेटाला वेगळी शिस्त लागते. चालू वर्षाचे आणि गेल्या वर्षाचे बांबू मुळीच तोडू नयेत, कारण नव्या कोंबांना त्यांचाच आधार मिळतो. जुने बांबू बेटाच्या आतून काढावेत आणि तेही सगळे काढू नयेत. जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर, पेराच्या अगदी वर काप घ्यावा, म्हणजे खुंटात पाणी साचून कूज लागत नाही. पावसाळ्यात तोड पूर्ण बंद ठेवावी. बेट फुलावर आले, तर बी गळेपर्यंत त्याला हात लावू नये.

वणव्याचे एक मोठे कारण मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवणे हे आहे. तो झाडून बाजूला करावा किंवा फुलांसाठी झाडाखाली जाळी अंथरावी आणि होळीपूर्वी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्या, साफ करून घ्याव्यात. जिथे नवे धुमारे फुटले आहेत तिथे चराई बंद ठेवून गुरांना दुसरे कुरण नेमून द्यावे.

प्रत्येक भागातून काय आणि किती काढले, याची नोंदवही ठेवावी. पावसाळ्यानंतर त्या भागातील दहा मीटर लांब-रुंद चौकोनांत नवी रोपे मोजावीत आणि ती गतवर्षीपेक्षा कमी भरली, तर पुढच्या फेरीत तो भाग तोडीतून वगळण्याचा ठराव ग्रामसभेत घ्यावा.