इंग्रजी क्रियापदाच्या वचनात या चुका टाळा

फीच्या नोटिशीत शोभेल असं एक वाक्य घ्या : 'द लिस्ट ऑफ स्टुडंट्स हू हॅज नॉट पेड द फीज आर गिव्हन बिलो.' दोन क्रियापदं, दोन्ही चुकलेली. खाली दिली आहे ती यादी, म्हणून 'इज गिव्हन'. फी थकवली आहे विद्यार्थ्यांनी, म्हणून 'हू हॅव'. 'आर' घुसलं ते शेजारच्या 'फीज'मुळे. घाईत लिहिणारा क्रियापदाआधीचा शेवटचा शब्द बघतो आणि मोकळा होतो.

सरळ पेन्सिल घ्या, 'ऑफ'पासून मुख्य क्रियापदापर्यंतचा मजकूर झाका आणि उरलेलं मोठ्याने वाचा : 'द लिस्ट इज गिव्हन.' 'अलाँग विथ' आणि 'अ‍ॅज वेल अ‍ॅज'च्या शेपट्याही अशाच झाकायच्या.

मात्र 'ऑफच्या आधीचं बघा, बाकी विसरा' हा क्लासवाला मंत्र अर्धाच खरा. 'हाफ', 'सम', 'मोस्ट' आले की निर्णय 'ऑफ'नंतरच्या नामाकडे जातो : 'हाफ ऑफ द मिल्क इज', पण 'हाफ ऑफ द मँगोज आर'. 'अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर' म्हणजे बरेच विद्यार्थी. 'द नंबर ऑफ स्टुडंट्स इज' म्हणजे त्यांची संख्या. एवढा फरक समजून घ्यायला पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी लोकांना 'ट्रिक'च हवी असते.

'टीम', 'कमिटी', 'स्टाफ' यांवर उगाच वाद होतात. ब्रिटिश वळणात 'इंडिया आर 120 फॉर 3' बिनचूक आहे. अमेरिकन वळणात अशा नामांना बहुधा एकवचनच. कोणतंही घ्या, पण 'द कमिटी हॅज' लिहून पुढे 'देअर रिपोर्ट' नको, तिथे 'इट्स'. परीक्षेत, सदस्यांमधला मतभेद दाखवायचा नसेल तर, एकवचन सुरक्षित.

काही चुका थेट मराठीतून येतात. आपल्या बातम्या अनेक, तरी 'द न्यूज इज'. डोक्यावरचे केस अनेक, तरी 'हर हेअर इज लाँग'. कात्री एकच, तरी 'द सिझर्स आर'. 'अ पेअर ऑफ' लावलंत तर 'इज'. 'द पोलीस' नेहमी 'आर'. आणि बाबा कितीही आदरणीय असोत, 'माय फादर आर' नाही.

'फर्निचर्स', 'इन्फर्मेशन्स', 'लगेजेस' : एस खोडा, क्रियापद एकवचनी करा.

रक्कम एकगठ्ठा : 'टेन थाउजंड रुपीज इज इनफ.'

'नायदर–नॉर'मध्ये मात्र शेजारीच जिंकतो : 'नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स वेअर प्रेझेंट.' क्रम उलटा केलात तर 'वॉज'. कानाला खटकतं, म्हणून अनेकवचन शेवटीच ठेवा.